दाखला

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये गुडघ्यांनी त्रास दिला, मग डोळ्याचे ऑपरेशन झाले, ही कारणे आहेतच. पण खरे कारण निराळे. जे लिहायचे मनात होते त्यात माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगायला हात उचलत नव्हता. आज सांगते. थोडे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी आत्ताचे. महाळुंग्यात आमच्या घरामागे पूर्वी कांद्याचे वावर होते. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मागच्या दारात उभे राहिले की थेट ओढ्यापर्यंत हिरवे दिसे. आता तिथे पत्र्याच्या खोल्या आहेत. दिरांनी बांधल्या, दहा बाय दहाच्या अठरा खोल्या. भाडे येते, त्यात आमचाही वाटा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. राहणारी माणसे कंपन्यांत कंत्राटावर, बांधकामावर, नाहीतर गोदामात हमालीला. कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, कोणी आपल्याच परभणी-वाशीमकडचे. भाडेकरू आला की आम्ही त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतो. खोलीत मुले किती, हे आजवर कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

गेल्या जूनमध्ये परभणीकडची एक बाई दाराशी आली. सोबत आठेक वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ. म्हणाली, "आजी, तुम्ही शाळंत होत्या म्हणं. पोरीचं नाव घालायचं होतं. पर दाखला न्हाई वो आमच्याकडं."

"दाखला न्हाई." हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते, १९८७ च्या जूनमध्ये. पण तिथवर क्रमानेच जाते. मास्तरणीची सवय, सनावळीशिवाय आम्हाला पुढे सरकता येत नाही!

आमच्या महाळुंग्याहून आळंदी फार लांब नाही. दर वारीला आपण माऊलींचे नाव घेतो, पण एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. या मुलखातले सगळ्यांत जुने अनाथ मुलांचे प्रकरण आळंदीचेच आहे. परंपरा सांगते ते असे की, विठ्ठलपंत संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून त्यांची चार मुले गावाबाहेर टाकली गेली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. मागे राहिली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. आता ही पोरे गावात घ्यायची का? तर गावाने सांगितले, पैठणहून शुद्धिपत्र आणा. म्हणजे काय? दाखला आणा! आईबाप नसलेली चार लेकरे कागदासाठी चालत पैठणला गेली. पुढचे आपण सगळे जाणतो, रेड्याची कथाही जाणतो. पण ती मुले ज्ञानेश्वर-मुक्ताई नसती, साधी चार पोरे असती, तर त्यांचे काय झाले असते, हा प्रश्न वर्गात एका मुलीने मला विचारला होता. उत्तर मला तेव्हाही देता आले नाही.

मुलाला कागद न विचारता घरात घ्यायचे, ही गोष्ट आपल्या पुण्यात उघडपणे झाली ती १८६३ साली. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. बापाचे नाव विचारायचे नाही. न्यूयॉर्कला मुलांवरच्या क्रूरतेविरुद्ध पहिली संस्था निघाली ती १८७५ च्या सुमारास. हेतू वेगळे असतील, पण पुण्यातले हे घर त्याआधी दहा-बारा वर्षे चालू होते. इथेच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा जन्मला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला त्यांनी पोरक्या मुलांसाठी अन्नछत्रासह बालाश्रम चालवला. आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला यशवंताच्या दवाखान्यात पोचवताना लागण होऊन. पंढरपूरलाही १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला.

यात एक गोष्ट बघा. ही सगळी घरे होती, माणसांच्या दयेवर उभी. दया फार मोठी गोष्ट आहे. पण ती कुणाच्या दारात असेल आणि कुणाच्या नसेल, हे मुलाच्या नशिबावर. सरकारने मुलाची जबाबदारी कधी मान्य केली, हे बघायचे तर मुंबईच्या गिरण्यांकडे जावे लागते.

गिरण्यांत लहान मुले कामाला होती. चौकशी व्हायला १८७५ साल उजाडले, आणि पहिला कारखाना कायदा झाला १८८१ साली. त्याने काय केले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवू नये असे ठरवले. पुन्हा वाचा: सात वर्षांचे मूल, नऊ तास. ही सुधारणा होती! तीही शंभर किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांपुरती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, तेव्हा कुठे हालचाल झाली. लोखंड्यांचे मूळ घराणे कन्हेरसरचे, म्हणजे यमाईचे देऊळ आहे तिथले. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास. १९२२ साली किमान वय बारा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात चौदा. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. दहा वर्षांना एक वर्ष, असा हिशेब पडतो.

आणि वय ठरवायचे कसे? जन्माची नोंद कुठे होती? डॉक्टर बघून सांगेल ते वय. म्हणजे इथे दाखला मुलाच्या बाजूने हवा होता. कागद असता तर सहा वर्षांच्या मुलाला आठाचा म्हणून यंत्रावर उभे करता आले नसते. कागद मुलाला दारातून आत घेतो, तोच कागद त्याला बाहेरही ठेवतो. धरणाऱ्याचा हात कोणता, यावर सगळे.

शाळेचेही तसेच. १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे मागितले. सयाजीरावांनी बडोद्यात १९०६ साली ते केले, गोखल्यांचे विधेयक १९१२ साली कौन्सिलात पडले, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ साली कायदा झाला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी तर कायद्याची वाट न बघता १९०६ सालीच मुंबईच्या परळ भागात गिरणगावातल्या अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू केली. माझ्या दृष्टीने शहरातल्या वंचित मुलांच्या कामाची आपल्याकडची सुरुवात तिथे आहे. शाळा काढली, वसतिगृह काढले, आणि ज्या वस्तीतली मुले त्या वस्तीतच बस्तान बसवले.

आता 'बाल संरक्षण' हा शब्द ज्या अर्थाने वापरतो त्या कायद्याकडे येऊ. त्याआधी पोराने चोरी केली तर त्याला तुरुंगात मोठ्यांबरोबर ठेवायचे, फार तर सुधारगृहात. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे असे सुधारगृह १८५७ पासून होते. १९२० च्या सुमारास तुरुंगांची पाहणी करणाऱ्या समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये हवीत असे सुचवले. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांचा कायदा केला. या कायद्यात पहिल्यांदाच असे आले की, ज्याने काही गुन्हा केलेला नाही, पण ज्याला कोणी नाही, जो रस्त्यावर भीक मागतो, ज्याचा घरी छळ होतो, अशा मुलाकडेही सरकारने बघायचे आहे. अंमलबजावणीसाठी १९२७ साली मुंबईत 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' निघाली. डोंगरीचे बालगृह, मानखुर्दची बालगृहे ही तिचीच. मंडळी, आपल्या लहानपणी 'रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी होती, आठवते का? मुलांच्या रक्षणासाठी काढलेल्या घराचे नाव आयांनी मुलांना घाबरवायला वापरावे, यातच त्या घरांचा अर्धा इतिहास आला.

नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९२६ साली वस्तीतच 'नेबरहुड हाऊस' उघडले, त्यातूनच १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा उभी राहिली, आजची 'टिस'. समाजकार्य हे शिकण्याचे शास्त्र आहे, नुसते मन चांगले असून भागत नाही, हे आपल्याकडे तेव्हापासून मान्य झाले.

आणि ज्यांच्यामुळे मी शिक्षिका झाले त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडीत मुले येईनात, कारण मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, आई मजुरीला जाते. मग ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला, मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जायचे. इतका साधा विचार, पण तो करायला ताराबाई लागल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, त्यात महाराष्ट्रातली धारणी आणि धारावी होती. आदिवासी मेळघाट आणि मुंबईची झोपडपट्टी, दोन्हीकडची मुले एका यादीत आली. 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला तो या योजनेबरोबर.

आता माझ्याकडे येते.

माझा स्वतःचा जन्मदिनांक १ जून. यजमानांचा १ जून. दोन्ही दिरांचा १ जून. आमच्या पिढीतल्या नातेवाइकांनो, तुमच्यापैकी कितीजणांचा आहे ते मोजा. आमच्या गावच्या गुरुजींकडे मला वडील घेऊन गेले तेव्हा कसला दाखला आणि कसले काय! गुरुजी म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लाव बघू." लागला. "सहाची झाली पोर," म्हणाले आणि लिहिले १ जून. तेवढ्या एका खोट्या तारखेवर मी बी.ए. झाले, नोकरी केली, पेन्शन घेते आहे.

१९८६ साली देशात दोन मोठे कायदे झाले. एक बाल न्याय कायदा. तुरुंगात अडकलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, त्याच वर्षी हा सगळ्या देशाला एकच असा कायदा आला. दुसरा बालकामगारांचा. आम्हा शिक्षकांना या कायद्यांची माहिती असायला हवी होती. मला एवढेच माहीत होते की तपासणी जवळ आली आहे.

तेव्हा मी पिंपरी-चिंचवड भागातल्या एका शाळेत होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग महापालिका १९८२ साली. चहूकडे बांधकामे चालू होती. शाळेला लागूनच एका मोठ्या इमारतीचा पाया खणत होते आणि तिथे मजुरांची पाले पडली होती. त्यातला एक मुलगा, नऊएक वर्षांचा, रोज माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभा राही. वर्ग पाढे म्हणे, तो बाहेरून म्हणे. एकदा मी तेराचा पाढा विचारला, वर्गात कोणाला येईना, खिडकीतून उत्तर आले. मी हसले. आत ये म्हटले. दोन दिवस तो मागे बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, डोक्याचे मुंडासे हातात घेऊन. "बाई, पोराचं नाव घ्या पटावर."

प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. मी म्हटले, "जन्माचा दाखला आणा. नाहीतर मागच्या शाळेचा."

"दाखला न्हाई, बाई. कामावरच झालं पोर, कुठल्या गावाला ते बी आठवत न्हाई."

मी म्हटले, "मग कसे घेणार? तपासणीत मलाच विचारतील."

त्याने वाद घातला नाही. मुलाचा हात धरून गेला. मंडळी, मला नियम ठाऊक होता. पालकाने लिहून दिलेल्या वयावर नाव घेता येत होते. चार ओळी लिहून अंगठा घ्यायचा, एवढेच. हात कानाला लावायला सांगायचे, एवढेच! पण पाले आज आहेत उद्या नाहीत, मुलगा महिन्याभरात जाईल, मग गैरहजेरी, मग नाव कमी करा, मग त्याचा खुलासा, हे सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले. मी त्या मुलाकडे बघून ठरवले नाही, हजेरीपटाकडे बघून ठरवले.

पाले पुढे चार महिने तिथेच होती. मुलगा खिडकीशी पुन्हा आला नाही. पण मी फळ्याकडून वळले की खिडकीतून दिसायचा, डोक्यावर विटा घेतलेला. सुरुवातीला तो इकडे बघे. दिवाळीनंतर त्याने बघणे सोडले. मग पाले उठली.

एवढीच गोष्ट. त्या मुलाचे पुढे काय झाले मला माहीत नाही. १९९१ च्या जनगणनेला मी घरोघर हिंडले, प्रत्येक पालात डोकावले. तो असता तर तेरा वर्षांचा असता. तेराचा पाढा म्हणून दाखव, असे मी कोणाला म्हणणार होते?

पुढचा इतिहास मी फार लक्ष देऊन वाचला, तो या कारणाने. १९८८ साली मुंबईत रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले, १९९३ पासून ते पुण्यात आले. नावच बघा, दारातली शाळा! बांधकामावरच्या मुलांना साईटवर वर्ग, आणि फिरत्या बसमधली शाळा. वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन'च्या पाषाणशाळा झाल्या. चिंचवडला गिरीश प्रभुण्यांनी पारधी मुलांसाठी गुरुकुल चालवले. टिसच्या जेरू बिलिमोरियांनी १९९६ साली मुंबईत १०९८ ही फोनसेवा सुरू केली. मुले तो नंबर 'दस नौ आठ' असा म्हणत. तीही पुढे देशभर गेली, आणि २०२३ पासून सरकारने स्वतःकडे घेऊन ११२ शी जोडली. तुमच्या आसपास एखादे मूल संकटात दिसले तर हा नंबर आजही लावायचा आहे, पैसे पडत नाहीत.

कायदेही बदलले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारताने तो १९९२ साली मान्य केला. २००० साली बाल न्याय कायदा नव्याने आला, २०१५ साली आणखी एकदा. त्यात प्रत्येक जिल्ह्याला बाल कल्याण समिती आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य. निराधार मूल सापडले तर चोवीस तासांत तिच्यापुढे न्यायचे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावरचा लैंगिक अत्याचार कळूनही गप्प बसणे हाच गुन्हा ठरवला. आणि शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातले चौदावे कलम मी नातवाकडून छापून घेतले आणि कपाटात ठेवले आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते सांगते. जोतिरावांच्या घराचा नियम देशाच्या कायद्यात यायला एकशे सेहेचाळीस वर्षे लागली. आणि मला तेवीस वर्षे उशीर झाला.

तर ते कलम घेऊन मी परभणीच्या बाईबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापक तरुण. कागद दाखवायची वेळच आली नाही. "या बाई, घेऊ की नाव," म्हणाले, वयाप्रमाणे तिसरीत. जन्मतारीख काय लिहायची? ते सवयीने १ जून लिहायला लागले, तशी मी थांबवले. मुलीच्या आईला विचारले. ती म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, पाऊस लई होता." गावची निवडणूक, धाकट्या दिराचे लग्न, असे धरत धरत वर्ष काढले. मग जुने पंचांग पाहून तारीख. आपल्या घराण्यात नसेल, पण त्या मुलीला खरा वाढदिवस मिळाला. त्या दिवशी घरी येऊन मी थोडी रडले, आता सांगायला हरकत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. मुलगी अकरा दिवस शाळेत गेली. बाराव्या दिवशी मागच्या दारातून बघते तर खोलीपुढे बसलेली, मांडीवर भाऊ.

विचारले तर म्हणाली, "आईची शिफ्ट बदलली. याला कोण बघंल?"

बोर्डीला ताराबाईंना १९४५ साली भेटलेली मुलगी हीच! ऐंशी वर्षे झाली, कायदे आले, योजना आल्या, आणि ती अजून भावाला मांडीवर घेऊन बसलेली आहे. अंगणवाडी आहे, पण तिथे बसवतात तीन ते सहा वर्षांची मुले. तीनच्या खालच्यांना आहाराची पाकिटे घरी मिळतात. आणि अंगणवाडी चालते काही तास, शिफ्ट बारा तासांची. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती पन्नासाहून अधिक, पुढे तीसाहून अधिक बायका कामावर असतील तर. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातही तेच, पन्नासाहून अधिक बायका. कंत्राटदार वेगवेगळे दाखवले की आकडा कुठेच भरत नाही. आता नव्या कामगार संहितांत बायकांऐवजी सगळे मिळून पन्नासाहून अधिक कामगार अशी अट आली आहे, ते बरेच झाले. पण आमच्या मागच्या खोल्यांतली बाई कुणाची कामगार, हे तिलाही सांगता येत नाही. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेश' काढले, ते पुढे मुंबईला आणि पुण्यालाही आले. काम चालू तोवर तिथेच पाळणाघर. केंद्राची 'पालना' योजनाही २०२२ पासून आहे. कागदावर सगळे आहे. आमच्या मागच्या खोल्यांपर्यंत मात्र त्यातले काही आलेले नाही.

कारण काय, याचा मी विचार केला. महाळुंग्यात बजाजचा कारखाना १९९९ साली आला, मग दहाएक वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र चाकणला आले. शहर आले ते कारखान्यांच्या आणि आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रूपाने. नगरसेवा त्याबरोबर आल्या नाहीत. अंगणवाडी किती हव्यात ते लोकसंख्येवर ठरते, आणि लोकसंख्या मोजली होती २०११ साली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुले मोजली, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. पण ही माणसे एका दिवसात सापडणारी नाहीत, ती शिफ्टला गेलेली असतात आणि मुले कडी लावलेल्या खोलीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या डिसेंबरात सांगून ठेवले आहे की वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले असतील आणि लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी दिली पाहिजे. पण मागणी करायची कोणी? ज्याला इथे मतच नाही, तो कुणाकडे मागणार?

म्हणून मी एक केले. घरात होती ती शंभरपानी वही घेतली, समास आखला आणि अठरा खोल्यांची पटनोंदणी केली. नाव, वय, आई कुठे जाते, मुलाला कोण बघते. सव्वीस मुले निघाली. त्यातली एकोणीस सहाच्या आतली. आमच्याच वावरात! मग शेजारच्या भावकीच्या खोल्या घेतल्या. दिरांना आधी आवडले नाही, भाडेकरू बिचकतील म्हणाले. मग त्यांचीच सून वही घेऊन पलीकडच्या चाळीत गेली. आकडा आता त्रेपन्न आहे. अर्ज दिला आहे, ग्रामपंचायतीला एक, प्रकल्प कार्यालयाला एक. पोच घेतली आहे. तीन महिने अजून व्हायचे आहेत.

माझ्या मुलाचे म्हणणे असे की, "आई, घरमालक म्हणून आपण भाडे घेतो आणि तू त्यांच्यासाठी अर्ज करतेस, हे विचित्र नाही का?" आहे. पण भाडे घेणाऱ्याला खोलीत किती मुले आहेत हे माहीत असायला हवे, एवढे तरी मला आता कळते. चाळीस वर्षांपूर्वी एवढेही कळत नव्हते.

तोवर काय, तर तो दीड-दोन वर्षांचा भाऊ सकाळी साडेदहापासून बहीण शाळेतून येईपर्यंत माझ्याकडे असतो. हा काही उपाय नव्हे, मला ठाऊक आहे. म्हातारीचे गुडघे म्हणजे सरकारी योजना नव्हे. परवा त्याने माझा चष्मा तांदळाच्या डब्यात टाकला, दोन तास शोधत होते. बहीण मात्र नियमित शाळेत जाते. काल तिने मला पाढे म्हणून दाखवले. बारापर्यंत आले आहेत.

तेराचा उद्या घेणार आहे.

असो. डोळे दुखायला लागले, थांबते. तुमच्यापैकी ज्यांच्या वावरात, प्लॉटवर अशा खोल्या आहेत त्यांनी एक वही घ्या आणि मुले मोजा. आणि १ जूनवाल्यांनी आपापल्या गुरुजींची आठवण लिहून कळवा. आमचे गुरुजी गेले, नाहीतर त्यांना विचारले असते की कानाला हात लावायची ती युक्ती मला का सुचली नाही.